लॅपटॉपशिवाय, फक्त रेकॉर्डवर : डीप हाऊसचा मिक्स घरी रेकॉर्ड कसा करायचा?

अकोला-अमरावतीत ‘डीजे’ म्हटलं की डोळ्यांसमोर वरातीपुढचा ट्रक येतो. स्पीकरच्या भिंती, लेझर लाईट आणि छातीत धडधडणारा बेस. आज ज्या डीजेबद्दल बोलायचंय त्याचा थाट याच्या अगदी उलट आहे. दोन टर्नटेबल, मधे एक छोटा मिक्सर, पंधरा-वीस रेकॉर्ड, कानाला हेडफोन आणि खोलीचं दार बंद. लॅपटॉप नाही, पेनड्राईव्ह नाही, दोन गाणी आपोआप जुळवून देणारं ‘सिंक’ बटण तर नाहीच. एक रेकॉर्ड संपत आली की दुसरी तिच्यात अलगद मिसळायची आणि असं तासभर, एका दमात. शेवटी हातात एक फाईल येते. याला व्हायनल-ओन्ली मिक्स म्हणतात.

यात मजा आहे तशी एक अडचणही आहे. आपल्याला फोनवर सगळं ‘अनडू’ करायची सवय झालेली. इथे एकाच दमात तासभर वाजवायचं, म्हणजे ५२व्या मिनिटाला रेकॉर्डिंग फाटलं तर पहिल्या मिनिटापासून पुन्हा. म्हणून सुरू करण्याआधी एकच गोष्ट समजून घ्यायची: कुठली चूक नंतर दुरुस्त होते आणि कुठली होत नाही. खालचं सगळं त्याबद्दलच आहे.

आधी थोडं डीप हाऊसबद्दल

हाऊस संगीत जन्मलं अमेरिकेतल्या शिकागो शहरात, १९८०च्या दशकात. मिनिटाला साधारण १२० ठोके, प्रत्येक ठोक्याला एक किक. लॅरी हर्ड या संगीतकाराने ‘मिस्टर फिंगर्स’ या नावाने १९८६ मध्ये ‘कॅन यू फील इट’ काढलं आणि हाऊसला एक शांत, जॅझकडे झुकणारं वळण मिळालं. तेच पुढे डीप हाऊस. नाचायला लावतं, पण अंगावर येत नाही.

त्याच्याही आधी आपल्या मुंबईत एक भन्नाट प्रकार झाला होता. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली (टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८) आणि ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. राग आणि खाली मशीनचा ठोका. तेव्हा फार कुणी विचारलं नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या फ्युचर या ग्रुपचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं आणि त्याच टीबी-३०३ने एक अख्खी शैली उभी केली. सिंग यांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे डीजे चाट पडले. तुमच्या पहिल्या मिक्समध्ये हिच्यातला एखादा राग टाकायची आयडिया वाईट नाही.

सुईतून बाहेर पडतं ते गाणं नसतं

हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि ‘भाऊ, आवाजच येत नाही’ या तक्रारीचं मूळ इथेच असतं.

रेकॉर्डच्या खाचेत सुई थरथरते आणि त्या हालचालीतून कार्ट्रिजमध्ये वीज तयार होते. किती? नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये साधारण ५ मिलिव्होल्ट. टीव्हीच्या किंवा सेटटॉप बॉक्सच्या ऑडिओ आऊटमधून जे येतं ते याच्या साठ-सत्तर पट असतं.

शिवाय ते मुद्दाम वाकडं केलेलं असतं. बेस जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर गाणं मावायचं नाही. म्हणून कोरताना बेस दाबतात आणि वरचे स्वर वाढवतात. १९५४ पासून यासाठी आरआयएए नावाचा ठरलेला आलेख आहे. २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल कमी, २० हजार हर्ट्झला सुमारे तेवढंच जास्त. वाजवताना फोनो प्रीअँप याच्या बरोबर उलटं करतो: बेस वर आणतो, वरचे स्वर खाली बसवतो. त्यांच्याबरोबर रेकॉर्डची खरखरही खाली बसते, हा दुहेरी फायदा.

डीजे मिक्सरमध्ये हा प्रीअँप आतच असतो. मागे ‘फोनो’ आणि ‘लाईन’ असं बटण दिसेल. टर्नटेबलसाठी फोनो. लाईनवर ठेवलं तर डब्यातून आल्यासारखा बारीक, बेस नसलेला आवाज येईल. काही स्वस्त टर्नटेबलांमध्ये प्रीअँप आधीच बसवलेला असतो. त्याची वायर मिक्सरच्या फोनोला लावली तर दोनदा प्रीअँप होतो आणि सगळं फाटतं. अशा वेळी लाईन. दोघांपैकी एकानेच हे काम करायचं, एवढं लक्षात ठेवा.

फोन चालेल, पण त्याचा माईक नाही

फोन स्पीकरसमोर ठेवून रेकॉर्डर चालू करायचा, हा पहिला विचार सगळ्यांचाच. तो सोडून द्या. फोनचा माईक बोलणं ऐकायला बनवलाय. रेकॉर्डर अ‍ॅप हळू आवाज आपोआप मोठा करतं आणि मोठा आवाज दाबतं. फोनवर बोलताना हे बरंच, पण संगीतात प्रत्येक किकला बाकीचं गाणं श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होतं. शिवाय मागून कुकरची शिट्टी.

हेडफोनच्या भोकातून वायर घालायचा जुगाडही नको. तिथे माईकसाठी एकच वाट असते, म्हणजे स्टिरिओचं मोनो होतं.

हवं ते यूएसबी ऑडिओ इंटरफेस. आवाज घेऊन त्याचे आकडे करून देणारी छोटी डबी. घेताना दोनच गोष्टी पाहा: तिला स्टिरिओ लाईन इनपुट आहे का, आणि ती ‘क्लास कम्प्लायंट’ आहे का. क्लास कम्प्लायंट म्हणजे वेगळा ड्रायव्हर न टाकता चालणारी. अशी डबी टाईप-सीच्या अँड्रॉईड फोनला ओटीजीने, आणि आयफोन १५पासून पुढच्या फोनला थेट लागते. मिक्सरच्या ‘रेक आऊट’मधून वायर डबीत, डबीतून फोनमध्ये. रेक आऊटच का? बहुतेक मिक्सरवर त्याचा मास्टर व्हॉल्यूमशी संबंध नसतो. म्हणजे शेजारच्या काकू ओरडल्या म्हणून खोलीतला आवाज कमी केला तरी रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही.

डबी फोनच्याच बॅटरीवर चालते, तासाभरात चांगलीच उतरवते. वेगळा पॉवर असलेला यूएसबी हब मधे लावला तर निवांत. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर बरोबर मिक्स रंगात आल्यावर लोनवाल्यांचा कॉल येईल. आणि सेटिंगमध्ये जाऊन रेकॉर्डर अ‍ॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. काही फोन स्क्रीन बंद झाली की मागचं अ‍ॅप सरळ मारून टाकतात. लॅपटॉप असेल तर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. फक्त रेकॉर्डिंगला वापरला तर मिक्स व्हायनल-ओन्लीच राहतो, तो नियम वाजवण्यापुरता आहे.

लेव्हल : जी चूक परत मिळत नाही

डिजिटल आवाजाला वर एक छत असतं. त्याला शून्य डेसिबल म्हणतात आणि त्याच्या खालचं सगळं उणेमध्ये मोजतात. आवाज छताला टेकला की लाटेचं टोक सपाट कापलं जातं. किकचा गोल ठोका ‘ठप्प’चा ‘फट्ट’ होतो. कापलेला भाग फाईलमध्ये नसतोच, त्यामुळे कुठलंही अ‍ॅप तो खरोखर परत आणू शकत नाही. अंदाजाने भरतं, एवढंच.

मग सेफ किती? सगळ्यात मोठी रेकॉर्ड लावा, दोन रेकॉर्ड एकत्र वाजतात ती वेळ धरा, आणि मीटरचा काटा उणे ६च्या वर जाणार नाही असा गेन ठेवा. पहिल्यांदा करताय तर उणे १०. ‘इतकं हळू रेकॉर्ड केलं तर क्वालिटी जाईल ना?’ नाही जात, आणि याचं कारण साधं गणित आहे. २४ बिटमध्ये मोठ्यात मोठ्या आणि लहानात लहान आवाजातलं अंतर कागदावर १४४ डेसिबल असतं. चांगल्या रेकॉर्डचं स्वतःचं अंतर ६०-७०च्या घरात. म्हणजे वर १० डेसिबल रिकामे सोडले तरी रेकॉर्डची खरखर फाईलच्या तळाच्या कितीतरी वर राहते. हळू झालेलं नंतर एका बटणाने वाढवता येतं. फाटलेलं शिवता येत नाही.

म्हणून फॉरमॅट निवडताना वेव्ह, २४ बिट. ४८ हजार हर्ट्झला तासाची फाईल साधारण १ जीबी होते. आधी तेवढी जागा मोकळी करा. एमपी३मध्ये थेट रेकॉर्ड करू नका.

हाताला एक सवयही लावायची. मिक्स करताना नवं गाणं आत आणलं की दोन्हींचा बेस एकत्र येऊन लेव्हल उसळते. मिक्सरवर ‘लो’ लिहिलेली कळ असते. नव्या गाण्याचा लो आधीच कमी ठेवा आणि ऐन बदलाच्या ठोक्याला एकाचा उतरवून दुसऱ्याचा चढवा. एका वेळी एकाच गाण्याचा बेस. यातून लेव्हलही आवरते आणि कानालाही स्वच्छ वाटतं.

घुर्रर्र, अर्थिंग आणि आपली काळी माती

सगळं जोडलं, रेकॉर्ड अजून लावलीच नाही, तरी मागे ‘घुर्रर्र’ येतंय. ही ५० हर्ट्झची, म्हणजे आपल्या लाईटच्या विजेची गुरगुर. ५ मिलिव्होल्ट मोठं करताना प्रीअँप वायरमध्ये शिरलेली गुरगुरही तेवढीच मोठी करतो. म्हणून ती टर्नटेबललाच जास्त सतावते.

पहिला संशय टर्नटेबलमागच्या बारीक अर्थ वायरवर. ती मिक्सरच्या ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूला आवळायची असते, आणि कित्येक घरांत ती मागे नुसती लोंबत असते. दुसरा संशय लॅपटॉपच्या चार्जरवर. चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा, बऱ्याचदा गुरगुर तिथेच थांबते. काही लोक प्लगची तिसरी, अर्थची पिन कापायला सांगतात. ते अजिबात करू नका. ती पिन शॉक लागू नये म्हणून आहे.

तिसरा संशय घराच्या अर्थिंगवर, आणि इथे वऱ्हाडाचा खास मुद्दा येतो. आपली काळी कपाशीची माती उन्हाळ्यात भेगाळते, आकसते. जमिनीतल्या अर्थिंगच्या सळीभोवतीची माती सुकून सुटते आणि अर्थिंग कमजोर होतं. घरामागचा तो छोटा खड्डा, ज्यात मीठ-कोळसा भरलेला असतो, त्यात उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकायचं असतं. जुन्या वायरमनला विचारा, तो हेच सांगेल. मिक्ससाठी नाही तरी घरासाठी करा. अर्थिंग कमजोर असल्याचा संशय असेल तर ते वायरमनकडून मोजून घ्या, स्वतः उघडू नका.

इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग टाळलेलं बरं. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची वीज करवतीसारखी असते, तिची भणभण थेट फाईलमध्ये उतरते. कूलरही त्याच बोर्डावर नको. मोटर चालू-बंद होताना ‘टक’ येतो. मे महिन्यात अकोल्यात बिनाकूलरचा तासभर म्हणजे काय ते मी सांगायला नको, त्यामुळे पहाटे पाचला वाजवा. हवा थंड, व्होल्टेज चांगलं, आणि रस्त्यावर जड गाड्या कमी. खोलीतला आवाज वायरमधून जात नाही हे खरं, पण सुईला धक्के कळतात. दार आपटलं, पलंगावर कुणी धपकन बसलं, तर ते रेकॉर्ड होतं. शहाबादी फरशीवर किंवा भिंतीतल्या दगडी कडाप्प्यावर टर्नटेबल ठेवलं तर निम्मी कटकट मिटते. लोखंडी कपाटावर नको.

धूळ, सरकी आणि खारं पाणी

रेकॉर्डवर ओरखडा असेल तर ‘टक’ आवाज प्रत्येक फेरीला येतो. मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे, म्हणजे दर १.८ सेकंदाला एक टक. गाण्याचा ठोका मात्र दर अर्ध्या सेकंदाला. दोन्ही क्वचितच जुळतात, म्हणूनच ते कानाला इतकं खुपतं. ओरखडा जात नाही, धूळ जाते. जिनिंगच्या हंगामात आपल्याकडे हवेत कापसाचे तंतू असतात. ते सुईला गोळा होतात आणि वरचे स्वर बोथट होतात. दर दोन-तीन रेकॉर्डनंतर सुई पाहायची आणि छोट्या ब्रशने मागून पुढे, एकाच दिशेने झटकायची.

धुवायची असेल तर नळाचं पाणी नको, बोअरचं तर नकोच. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आपल्याला माहीत आहे. ते पाणी सुकलं की क्षार खाचेतच बसतात आणि धूळ परवडली म्हणायची वेळ येते. बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरसाठीचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्तात मिळतं, ते वापरा. लेबल वाचून घ्या, त्याच दुकानात अ‍ॅसिडचेही कॅन असतात. मऊ मायक्रोफायबर कापडाने खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, मधलं कागदी लेबल कोरडं ठेवायचं. आजोबांच्या जुन्या ७८च्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. आणि त्यांची खाच रुंद असते, त्यांना सुईही वेगळी लागते.

व्हायनल ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. दुपारी उन्हात उभ्या कारमध्ये रेकॉर्डची पिशवी विसरलात तर पापड होणार. पत्र्याच्या खोलीतही नको. आणि रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत.

दोन रेकॉर्ड एका समेवर

आता खरं काम. समजा एक गाणं १२० ठोक्यांचं आहे आणि दुसरं १२३चं. टर्नटेबलच्या उजव्या बाजूची पिच पट्टी पहिल्याला २.५ टक्के वर सरकवली की वेग जुळतो. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या १९७९ पासूनच्या प्रसिद्ध मॉडेलवर ही पट्टी ८ टक्के वर-खाली जाते. पण वेग वाढला की सूरही चढतो. साधारण ६ टक्क्यांना अर्धा स्वर. म्हणजे पेटीवर पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये जाऊन बसतं. म्हणून दोन-तीन टक्क्यांच्या आत राहणाऱ्या जोड्या आधी शोधून कागदावर लिहा.

अंदाजाने जुळवणं किती चालतं? फरक फक्त अर्ध्या ठोक्याचा धरू, १२० आणि १२०.५. सात-आठ सेकंदांत दोन किकमध्ये ३० मिलिसेकंदांचं अंतर पडतं आणि एकाच्या जागी दोन ठोके ऐकू यायला लागतात. एका मिनिटात दुसऱ्याची किक पहिल्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधे. घोडा दौडतोय असं वाटतं. हेडफोनमध्ये हे आधी पकडायचं आणि थाळीच्या कडेला बोट लावून एकाला किंचित रोखायचं किंवा ढकलायचं. मोझरीला खंजिरी भजन ऐकलं असेल तर हे समजेल: वाजवणारा मोजत नाही, शेजाऱ्याच्या ठोक्याला धरून राहतो. मोजायचं ते मोठ्या टप्प्यांत. हाऊसची गाणी बहुधा ३२ ठोक्यांच्या तुकड्यांत बांधलेली असतात. नव्या गाण्याची सम जुन्याच्या समेवर पडली तर बदल झाला हेच कळत नाही.

यासाठी डायरेक्ट ड्राईव्ह टर्नटेबल लागतं, म्हणजे थाळी थेट मोटरवर बसलेली. पट्ट्यावर चालणारं बोट लावल्यावर घसरतं आणि वेगात यायला वेळ घेतं. अमेरिकेतल्या नातेवाईकांकडून जुनं येणार असेल तर आणखी एक गोष्ट. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. साध्या सिंक्रोनस मोटरचं टर्नटेबल आपल्या ५० हर्ट्झवर ३३च्या ऐवजी जेमतेम २८ फेऱ्यांनी फिरेल. क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राईव्हला स्वतःचं घड्याळ असतं, त्याला हा प्रश्न येत नाही.

वेग तपासायला फोन कामाला येतो. आरपीएम मोजणारी फुकट अ‍ॅप्स आहेत. टोनआर्म बाजूला अडकवा, फोन थाळीच्या मधोमध ठेवा, फोनमधला जायरोस्कोप फेरे सांगतो. पट्टी शून्यावर असताना दोन्ही टर्नटेबल ३३.३ दाखवतात का ते पाहा. एक ३३.३ आणि दुसरं ३३.८ असेल तर पट्टीवरच्या आकड्यांवर विसंबून चालणार नाही.

पण काऊन करायचं एवढं?

‘रेकॉर्डचा आवाजच भारी’ असं मी म्हणणार नाही. मोजायला गेलं तर साधी सीडीसुद्धा जास्त स्वच्छ आहे. शिवाय ही आवड स्वस्त नाही. मुंबईच्या चोरबाजारात हिंदी सिनेमाच्या रेकॉर्ड मिळतील, रात्रीची अमरावती एक्स्प्रेस पकडून जाऊन या. डीप हाऊसच्या बारा इंची मात्र बहुतेक परदेशातून मागवाव्या लागतात, वर टपाल आणि कस्टम. पण बरंच डीप हाऊस फक्त बारा इंचीवर, थोड्या प्रतींत निघतं आणि कुठल्याच अ‍ॅपवर नसतं, हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे स्क्रीन नसली की कान उघडतात. लगेच दोन टर्नटेबल घेऊ नका. एखादं मागून आणा, एक रेकॉर्ड वरच्या पद्धतीने नीट फोनमध्ये उतरवा. गुरगुर नाही, फाटलं नाही, दोन्ही कानांत सारखं, एवढं जमलं की दुसऱ्या टर्नटेबलचा विचार.

मिक्स झाल्यावर मूळ वेव्ह फाईल दोन ठिकाणी ठेवा आणि तिला हात लावू नका. कॉपीवर काम करा: सुरुवात-शेवट कापा, सगळ्यात मोठं टोक उणे १ डेसिबलपर्यंत येईल इतका आवाज वाढवा, मग ३२० केबीपीएसचा एमपी३ काढा. तासाचा १४४ एमबी होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जातो. यूट्यूबवर टाकलात तर कॉन्टेंट आयडी गाणी ओळखून क्लेम लावू शकतं. रेकॉर्ड विकत घेतली म्हणजे ती लोकांना वाजवून दाखवायचा हक्क मिळत नाही. मिक्सक्लाऊड ही साईट अशा मिक्ससाठीच आहे, गाण्यांच्या मालकांशी तिचे करार आहेत. तिथे टाकताना कोणतं गाणं कितव्या मिनिटाला आहे, ते कुणाचं आणि कुठल्या लेबलचं, याची यादी सोबत द्या. रेकॉर्डच्या मधल्या लेबलच्या कडेला, शेवटच्या खाचेजवळ कोरलेला नंबर असतो, तोही लिहा. ऐकणाऱ्याला तीच प्रत शोधायला त्याचाच उपयोग होतो.